नवा मासा, जुने पाणी

सोमवारची सकाळ. प्रार्थनेची घंटा व्हायची होती. आमच्या हायस्कूलचा शिपाई नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेचे कुलूप काढून आत गेला आणि दोन मिनिटांत माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. गडी मूळचा कन्नड. माझ्याशी एरवी चांगले मराठी बोलतो, पण घाबरला की त्याच्या तोंडी आईची भाषा येते. "सर, मीन सत्ताव री," एवढेच तो म्हणाला. मासे मेले.

बेळगावच्या या भागातून समुद्र काही फार दूर नाही. घाट उतरला की गोवा, पलीकडे वेंगुर्ले. तरीही आमच्या शाळेतली निम्मी मुले दहावी होईपर्यंत समुद्र पाहत नाहीत. म्हणून गोव्यात बंदरावर नोकरीला असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला साडेतीन फुटी काचेची टाकी भेट दिली, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी ठरवले की हिच्यात गोड्या पाण्याचे गोल्डफिश सोडायचे नाहीत, खारे पाणीच भरायचे. मुंबईहून समुद्री क्षारांची पाकिटे आली, पंप आला, सच्छिद्र दगड आले. हळूहळू दोन क्लाउन फिश, एक निळा डॅमसेल, चार गोगलगायी आणि शंखात बिऱ्हाड करून राहणारे दोन खेकडे असे ते कुटुंब स्थिरावले. तीन वर्षे सुरळीत चालले. मधल्या सुटीत पोरे काचेला नाक लावून उभी असत.

पुढे स्नेहसंमेलन आले. प्रमुख पाहुणे मोठे होते. टाकीत काही भरजरी दिसावे अशी मला हौस वाटली, आणि मुंबईहून येणाऱ्या एका नातेवाइकाकरवी मी एक सर्जन मासा मागवला. अंग आकाशी, पाठीवरचा पर पिवळाजर्द, तोंड काळे. शेपटीच्या बुंध्याशी शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा काटा असतो, म्हणून हे नाव. विज्ञानाचे सर म्हणाले, "सर, महिनाभर वेगळा ठेवू या." मी म्हणालो, "पाहुणे येत्या शनिवारी येणार आहेत, महिन्याने नव्हे." मुख्याध्यापकाच्या बोलण्यापुढे शिक्षक काय बोलणार? शुक्रवारी मासा टाकीत गेला. शनिवारी पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केले. सहाव्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले, बाराव्या दिवशी ते क्लाउन फिशवर होते, आणि तिसरा आठवडा संपला त्या सोमवारी शिपाई माझ्या दारात उभा होता.

मी इतिहासाचा एम. ए. विज्ञानात माझी गती यथातथाच. पण झालेल्या चुकीचे मूळ मागे मागे जाऊन शोधायचे ही आमच्या विषयाची खोड. मला प्रश्न पडला तो असा: 'महिनाभर वेगळा ठेवू या' हे एक वाक्य विज्ञानाच्या सरांपर्यंत पोचायला माणसाला किती वर्षे लागली असतील? शोधू लागलो, आणि या वाक्यामागे दीडशे वर्षांची खटपट निघाली.

खटपटीचा आरंभ एका शिंपिणीपासून करावा लागतो. झान व्हिलप्र ही फ्रान्समधल्या खेडेगावातली मुलगी पायी पॅरिसला गेली, तिथे कपडे शिवू लागली, राजघराण्यातल्या वधूचा पोशाख शिवण्यापर्यंत तिचे नाव झाले. पुढे पॉवर आडनावाच्या व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला गेली आणि समुद्राच्या नादी लागली. त्या काळी प्राणिशास्त्रज्ञांत आर्गोनॉट नावाच्या जिवावरून वाद होता. हा ऑक्टोपसच्या कुळातला. त्याची मादी कागदासारख्या पातळ, सुंदर शिंपल्यात राहते. हे घर तिने स्वतः बांधलेले, की खेकड्यासारखे दुसऱ्या कुणाचे बळकावलेले? मेलेल्या, दारूत बुडवून ठेवलेल्या नमुन्यांवरून विद्वानांनी कितीही भांडण केले तरी याचा निकाल लागणार नव्हता. या बाईने १८३२ साली काचेच्या टाक्या करवून घेतल्या, त्यांत समुद्राचे पाणी भरले आणि जिवंत आर्गोनॉट डोळ्यांसमोर ठेवले. शिंपला मुद्दाम तोडला तर ते तो सांधतात, हे तिने पाहिले. घर ज्याचे त्यानेच बांधलेले होते. (आमच्या सीमाभागात अशा प्रश्नांचे निकाल इतके लवकर लागत नाहीत, ते असो.) ब्रिटनचा नामवंत शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन याने या बाईला मत्स्यपालनाच्या छंदाची माता म्हटले.

परंतु मेसिना समुद्रकाठी. पाणी शिळे झाले की ताजे आणता येई. खरी पंचाईत समुद्रापासून दूर राहणाऱ्याची, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याची. ती पहिल्यांदा सोडवली लंडनच्या अ‍ॅना थिन या बाईने. तिचे यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत धर्माधिकारी. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असता पोवळ्याच्या जातीचे जीव तिला इतके आवडले, की ते लंडनला न्यायचे तिने ठरवले. वाटेत हिंदकळून इजा होऊ नये म्हणून तिने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले. घरी गेल्यावर समुद्राचे पाणी रोज कोण आणणार? मग घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतत असे. चहा गार करायला आपण बशीत ओततो तसे. हवा मिसळायची एवढाच हेतू. पुढच्या वर्षी बाईने पाण्यात समुद्रशैवाल ठेवले आणि मोलकरणीचे काम हलके झाले. त्या मोलकरणीचे नाव कुठे नोंदलेले मला आढळले नाही. आजच्या प्रत्येक टाकीत बुडबुडे सोडणारा पंप तिचेच काम करतो आहे.

त्याच सुमारास, १८४५ साली, इंग्लंडमधला काचेवरचा कर उठला. काच स्वस्त झाली. इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो की मोठ्या गोष्टींच्या आधी बहुधा एखादा कर बसतो किंवा उठतो.

लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने १८४९ साली गोड्या पाण्याच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील, हिशेब जमेल, अशी त्याची अटकळ. काही दिवस जमला, मग कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा नितळ झाले. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला, लवकरच खाऱ्या पाण्यातही सुरू केला. पाण्यात केवळ मासा आणि झाड ठेवून भागत नाही, उष्टे काढणारा तिसरा कुणी लागतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. उष्टे काढणारे आणखीही कुणी आहेत आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. त्याची गोष्ट पुढे येईल.

१८५३च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचे 'फिश हाउस' लोकांसाठी उघडले. जगातले हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय. आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले, तेव्हापासून हा शब्द आणि हा छंद, दोन्ही घराघरांत शिरले. गॉसने खुद्द समुद्रही घरी करायची कृती दिली: साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि पाणी. हे पाणी तयार झाल्यावर त्याने आधी शेवाळ ठेवले आणि आठवड्याभराने प्राणी सोडले. का थांबायचे याचे पुरते कारण त्यालाही माहीत नसावे, पण हात थांबला खरा.

लोकांचे हात मात्र थांबले नाहीत. रेल्वे झाली होती, काच स्वस्त होती, पुस्तक हाती होते. माणसे बादल्या घेऊन किनाऱ्यावर उतरली आणि खडकांतल्या कुंडांतून दिसेल ते खरवडून घेऊन गेली. घरी नेलेले बहुतेक जीव आठवड्यात मरत. मग पुढच्या रविवारी पुन्हा बादली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांविषयी लिहिलेल्या पुस्तकात, लहानपणी पाहिलेली ती कुंडे कशी उजाड झाली आणि वडिलांना त्याचे किती दुःख झाले, हे नोंदवले आहे. ज्याने लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवले त्याच्याच पुस्तकाने किनारा ओरबाडला गेला. दहाएक वर्षांत छंदाची लाट ओसरली. कारण साधे होते, मासे जगत नव्हते.

त्या ओसरलेल्या लाटेतून विल्यम आल्फर्ड लॉइड नावाचा एक माणूस टिकून राहिला. लंडनमध्ये त्याचे मत्स्यपेट्यांचे दुकान होते. पुढे त्याने हँबर्गचे मत्स्यालय उभारले, १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे. लॉइडचे म्हणणे असे की दर्शनी टाक्या लहान असल्या तरी चालतील, पण खाली अंधारात त्यांच्या कितीतरी पट पाण्याचा हौद पाहिजे आणि ते पाणी अहोरात्र फिरते पाहिजे. पाणी बदलायचे नाही, फिरवायचे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात दिवाणखान्यापेक्षा माजघर मोठे असे, तशातला प्रकार.

ब्रायटनचे मत्स्यालय १८७२ साली उघडले. तिथली एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. एका टाकीतले मासे रोज एकेक करून नाहीसे होऊ लागले. चोर सापडेना. अखेर एके सकाळी त्या टाकीत शेजारच्या टाकीतला ऑक्टोपस बसलेला सापडला. रात्री भिंत ओलांडून यायचा, जेवायचा आणि उजाडण्यापूर्वी घरी जायचा. त्या दिवशी बहुधा जेवण जास्त झाले असावे.

आपल्या देशात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय निघाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडले. त्यासाठी देणगी देणाऱ्या पारशी गृहस्थांचे नाव त्याला दिलेले. मी आठवीत असताना आमची सहल तिथे गेली होती. बाहेर मरीन ड्राइव्हवर समुद्र, आत काचेमागे समुद्र. त्या अंधाऱ्या बोळात हातातला डबा घट्ट धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मास्तरांनी कान धरून बाहेर काढले. समुद्र दाराशी असलेल्याला पाण्याची फिकीर कमी. मी स्नेहसंमेलनाच्या वेळी टाकीकडे पाहत होतो तो त्या आठवीतल्या मुलाच्या डोळ्यांनी. आपली टाकी घाटमाथ्यावर आहे, तिचा समुद्र तेवढाच आहे, हे विसरलो.

आता वॉरिंग्टनच्या गोष्टीकडे. त्याच्या मुलाचेही नाव रॉबर्टच, आणि तोही रसायनशास्त्रज्ञच झाला, पण शेतीचा. रोथामस्टेडच्या प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात तो जमिनीतल्या खताचे काय होते ते पाहत होता. शेणखतातल्या अमोनियाचे जमिनीत नायट्रेट होते, पिकाला ते लागू पडते, हे माहीत होते. ते करतो कोण? १८७७ साली पॅरिसमध्ये श्लेसिंग आणि म्युन्त्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडले. वीस दिवस काही घडले नाही. मग खालून नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बंद पडले, आणि मातीचे पाणी घालताच काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. क्लोरोफॉर्मने जे झोपते ते जिवंत असले पाहिजे. धाकट्या वॉरिंग्टनने पुढे वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन निरनिराळे जंतू ते करतात: एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. त्याला ते जंतू वेगळे काढता आले नाहीत. ते श्रेय १८९०च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले.

थोरल्या वॉरिंग्टनच्या टाकीत उष्टे काढणारा अदृश्य हात कुणाचा होता, हे अशा रीतीने त्याच्याच मुलाने शेतात शोधून काढले. मला या सगळ्या इतिहासात हा भाग फार प्यारा आहे.

मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो, आणि अमोनिया माशाला विष. समुद्रात ते विरून जाते. साडेतीन फुटांत कुठे जाणार? म्हणून टाकी मुरावी लागते. दगडांच्या छिद्रांत, वाळूत हे जंतू घर करतात, वाढतात, त्याला चार-सहा आठवडे सहज लागतात. पॅरिसच्या नळीतले वीस दिवस ते हेच. जुन्या टाकीतला एखादा दगड आणून ठेवला तर काम लवकर होते; तेही आपल्याला नवे नाही, विरजण लावल्यावाचून दही कुठे लागते? १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी लिहिले की त्यांच्या टाकीत गाळणयंत्र वगैरे काही नाही. समुद्रातले जिवंत दगड, वाळू आणि थोडी हवा, एवढ्यावर सगळे चालते. पुढच्या काळातल्या पुष्कळशा टाक्या त्याच वाटेने गेल्या. मात्र मुरलेल्या टाकीतले हे जंतू असतात तेवढ्याच माशांच्या बेताचे. चार माणसांच्या स्वयंपाकात अचानक सहा पाहुणे आले की जे होते तेच एकदम दोन-तीन मासे सोडल्यावर होते. म्हणून एका वेळी एकच मासा, आणि दुसऱ्याच्या आधी काही आठवड्यांची उसंत.

आमच्या टाकीत मासा एकच सोडला होता. पाणीही चांगले होते, विज्ञानाच्या सरांनी तपासले होते. मग?

त्याचे उत्तर पुन्हा लंडनच्याच प्राणिसंग्रहालयात. तिथे १९२४ साली नवे मोठे मत्स्यालय झाले, उष्ण समुद्रातले मासे येऊ लागले आणि मरूही लागले. १९३१ साली ब्राऊन या संशोधकाने त्या माशांवरचा एक सूक्ष्म परजीवी वर्णन केला. आज छंदिष्ट त्याला मखमली रोग म्हणतात. आमच्या टाकीत आला तो त्याचा भाऊबंद, पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याचे वर्णन १९३७ साली जपानच्या सिकामा यांनी केले आणि १९५१ साली ब्राऊन यांनीच त्याला क्रिप्टोकॅरियन इरिटन्स हे नाव दिले. याचे आयुष्य मोठे हिकमती. काही दिवस तो माशाच्या कातडीत शिरून राहतो, तोच पांढरा ठिपका. मग मासा सोडून खाली पडतो, दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. ठिपके गेले म्हणून मालक खूश होतो. आत एकाचे शेकडो होत असतात. कवच फुटले की ते पोहत निघतात आणि मासा शोधतात. विस्तीर्ण समुद्रात त्यांतला एखादाच मासा गाठतो. टाकीत कुणीच चुकत नाही. काही कवचे तिसऱ्या दिवशी फुटतात, काही दोन महिने उलटल्यावरही. माझ्या सर्जन माशाने काही गुन्हा केला नव्हता. दुकानातून तो दोन-चार किडे अंगावर घेऊन आला, बस्स. आणि ही जात या रोगाला फार लवकर बळी पडते.

यावरचा उपाय मात्र माशांच्या इतिहासापेक्षा खूप जुना आहे. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा नगरीने, आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली ठरवले की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने तीस दिवस गावाबाहेर राहावे, मगच वेशीत यावे. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतल्या चाळिसावरून 'क्वारंटाइन' शब्द निघाला. आमच्या भागाला हे सांगायला नको. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तो वर्षा-दोन वर्षांत बेळगाव-धारवाडकडे पसरला, आणि पुढे कितीतरी वर्षे माणसे गाव सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला जात. माझी आजी तिच्या सासूने सांगितलेले सांगायची: घरात उंदीर पडला की चूल तशीच टाकून निघायचे. २०२० साली सगळ्या जगाने तो शब्द पुन्हा गिरवला. मीही शाळेच्या वर्गखोल्यांत बाहेरगावाहून आलेल्या लोकांची चौदा दिवसांची सोय केली होती, दारावर पाटी मीच लिहिली होती. तरी एका माशासाठी महिनाभर थांबायला मला जड गेले.

वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. या परजीवींवर औषध सापडले ते मोरचूद, आपल्या द्राक्षबागाईतदारांच्या रोजच्या ओळखीचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी मखमली रोगावर तांब्याचा उपयोग १९५५ साली प्रसिद्ध केला. पण तांब्याची जी मात्रा मासा सोसतो तीच गोगलगाय, खेकडा आणि पोवळे यांना मारते, आणि दगड तांबे शोषून घेतात ते निराळेच. म्हणजे मुरलेल्या टाकीत औषध घालता येत नाही. औषध हवे तर दाराबाहेरच.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि फिलिपाइन्सचा मासा दोन दिवसांत युरोप-अमेरिकेत पोचू लागला. १९६०च्या दशकात तिकडे मासे पकडायला सायनाइड वापरू लागले. मासा गुंगतो, सापडतो, आणि विकत घेणाऱ्याच्या घरी काही दिवसांनी कारण न कळता मरतो. पिशवीचेही एक शास्त्र झाले. समुद्री माशाच्या रक्तात समुद्राच्या साधारण तिसरा हिस्सा क्षार. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते आणि तो समुद्र पिऊन तहान भागवतो. कमी खाऱ्या पाण्यातून जास्त खाऱ्यात एकदम टाकले तर बिचारा पाण्यात सुकतो. म्हणून दोन्हीकडची क्षारता मोजायची, पिशवी तरंगत ठेवून उष्णता सारखी करायची, टाकीचे पाणी थेंबथेंब सोडायचे, ही रीत पडली. पण फार लांबून आलेल्या पिशवीत एक मेख असते. कोंडलेल्या माशाच्या श्वासाने पाणी आम्लाकडे झुकते आणि त्या पाण्यात साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विष होतो. अशा वेळी दोन-दोन तास थेंब सोडत बसणे म्हणजे माशाला विषात बसवणे. आधीच क्षारता जुळवलेल्या पाण्यात त्याला चटकन हलवावे हे बरे. सावकाशपणा प्रत्येक ठिकाणी शहाणपणाचा नसतो, हे वाचून मला थोडे हायसे वाटले.

राहता राहिले घरचे लोक. नवा मासा निरोगी असला, पाणी जुळले, तरी जुने रहिवासी त्याला जागा देतील असे नाही. कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने प्रवाळातल्या भडक रंगाच्या माशांचे भांडण टाकीत पाहिले आणि १९६३ साली आक्रमकतेवरच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथाची सुरुवात त्यांच्यापासूनच केली. त्याचे निरीक्षण असे की हे मासे परक्या जातीपेक्षा आपल्याच जातीच्या माशावर अधिक तुटून पडतात. शत्रू तो, जो माझ्याच दगडाखाली राहणार आणि माझेच अन्न खाणार. आमचा निळा डॅमसेल दीड बोटाचा, पण टाकीतला उजवा कोपरा त्याच्या सात-बाऱ्यावर लावलेला. गोगलगाय साफ करायला गेलेल्या सरांच्या हातालाही तो चावे. जाणते लोक अशा वेळी दगडांची मांडणी बदलतात, दिवे मालवतात. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सकाळी सगळेच त्या घरात नवे असतात. क्लाउन फिशची तऱ्हा याहून वेगळी. समुद्रफुलात राहणाऱ्या त्यांच्या गटात सर्वांत मोठी मादी, दुसरा नर आणि बाकीचे रांगेत. मादी गेली की नराची मादी होते, हे हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली दाखवले. पीटर बस्टन यांनी २००३ साली दाखवले ते याहून नवलाचे: रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ रोखून धरतो आणि वरच्याहून लहानच राहतो, कारण मोठा झाला तर हाकलला जाईल. नवा येतो तो शेवटी उभा राहतो. आमच्या शिक्षकांच्या सेवाज्येष्ठतेच्या यादीत मी सतरा वर्षे काढली आहेत, मला हे लगेच समजले.

त्या सोमवारनंतर विज्ञानाच्या सरांनी टाकी मोडली नाही. खेकडे आणि गोगलगायी ठणठणीत होत्या. त्यांना तो रोग होत नाही. मासाच नसला की किडे उपाशी मरतात, म्हणून अडीच महिने टाकीत मासा नाही, असे त्यांनी ठरवले. या वेळी मी काही बोललो नाही. पंप चालू, दिवा चालू, गोगलगायींना आणि खेकड्यांना चिमूटभर खाणे चालू, आणि पाण्यात कुणी नाही. पोरे येत, पाहत, जात. पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, यात काय बघायचं?" मी तिला खेकडा दाखवला. ती म्हणाली, "तो तर आमच्या ओढ्यात पण असतोय की." मग तिने त्याचा शंख पाहिला आणि बराच वेळ गप्प उभी राहिली.

अडीच महिन्यांनी दोन छोटे क्लाउन फिश आले. त्यांची वेगळी टाकी माझ्याच खोलीत, कपाटाशेजारच्या स्टुलावर ठेवून घेतली. आत फुटक्या नळाचा तुकडा लपायला आणि एक स्पंज, बाकी काही नाही. येणारे पालक, गटशिक्षणाधिकारी, संस्थेचे सभासद, सगळे विचारत, "हे इथे का?" प्रत्येकाला सगळा इतिहास सांगणे शक्य नव्हते, म्हणून मी तारीख लिहिलेली चिठ्ठी काचेला चिकटवली. ती मराठीत होती. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली शिपायाने कन्नडमध्येही लिहून ठेवली होती. चिठ्ठीवरची तारीख उजाडली त्या संध्याकाळी आम्ही तिघे, विज्ञानाचे सर, शिपाई आणि मी, प्रयोगशाळेत गेलो. दोन्हीकडची क्षारता आधीच जुळवून ठेवली होती. सरांनी भांडे तिरपे केले. शिपायाने दिवा मालवला, आणि आम्ही काही वेळ अंधारातच पंपाचा आवाज ऐकत उभे राहिलो.